म्हाळुंग्याच्या फ्लॅटबद्दल

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मागे गाड्यांचा इतका गोंगाट होता की तुझं निम्मं बोलणं कळलंच नाही. कळलं ते एवढं: हिंजवडीजवळच्या म्हाळुंग्यात टू बीएचके बघितलाय, ८० लाखांचा. एक तारखेपासून भाव वाढणार म्हणून शनिवारीच टोकन द्यायचंय. आणि कमी पडतील ते पैसे तुझे बाबा गावाकडची दोन एकर काढून उभे करणार आहेत. बँकेच्या गृहकर्ज विभागात माझी सव्वीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी अर्धवट इमारतींचे जिने चढण्यात. म्हणून राहवत नाही.

भाव वाढतोय हे खोटं नाही. हिंजवडीत आधी कंपन्या आल्या, मागून माणसं, मागून इमारती. रस्ता आणि पाणी अजून वाटेतच आहेत. पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ असा वीस वर्षांचा विकास आराखडा मंजूर झाला २०१७च्या जानेवारीत. निम्मी मुदत मंजुरीतच संपली. म्हाळुंगे तर महापालिकेत आलं २०२१ साली, तेवीस गावं घेतली तेव्हा. धड रस्ता, धड नळ असलेली जागा थोडी, आणि ऑफिसपासून अर्ध्या तासात घर प्रत्येकाला हवं. मग भाव चढणारच. पण ती ‘एक तारीख’ वेगळी. ती मी नोकरीला लागल्यापासून ऐकतोय, दर महिन्याला येते.

सँपल फ्लॅट आवडला म्हणालास. आवडणारच, तो त्यासाठीच असतो. पुढच्या वेळी खिशात टेप ठेव आणि बेडरूममधला पलंग मोज. मी साडेपाच फुटी पलंग मोजलेले आहेत, त्यावर सहा उशा रचलेल्या. स्वयंपाकघराला आणि बाथरूमला दारं आहेत का बघ. बऱ्याचदा नसतात, दार उघडायला लागणारी जागा मग दिसत नाही. तुझ्या आईचं गोदरेजचं कपाट कुठल्या भिंतीला लागेल, हा प्रश्न तिथल्या सेल्सच्या मुलाला विचार. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता हिशेब. ८० लाखांवर बांधकाम चालू असेल तर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ४ लाख. मुद्रांक शुल्क पुण्यात पुरुषाच्या नावावर ७ टक्के, ५ लाख ६० हजार. नोंदणीचे ३० हजार. बँक या रकमेला फार तर ८० टक्के देते, ६४ लाख. म्हणजे पदरचे जवळजवळ २६ लाख हवेत, आणि पार्किंग, सोसायटी, पंखे, पडदे यातलं अजून काहीच धरलेलं नाही. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण साडेपंचावन्न हजार. भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे, असं तुझ्या ऑफिसातले सगळे म्हणतात ना? या हप्त्यातले पहिल्या महिन्यात पंचेचाळीस हजार नुसते व्याजात जातात. तू आत्ता भाडं भरतोस बावीस हजार.

जमिनीचं मात्र स्पष्टच सांगतो, बाबांना राग आला तरी चालेल. विकू नका. आपल्या राज्यात शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं. सातबारावरून नाव पूर्ण गेलं की पुढे पैसे असूनही परत शेत घेणं जिकिरीचं होतं. आणि मौज बघ, तू ज्या पट्ट्यात फ्लॅट शोधतोयस तिथे काही वर्षांपूर्वी उसाचे फड होते. त्याच फडांच्या मालकांपैकी काहीजण आज तुमच्यासारख्यांना खोल्या भाड्याने देऊन बसलेत. ज्यांनी सगळंच विकलं ते काय करतात, तेही गावात जाऊन विचार.

टोकनबद्दल एक. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, कायदाच आहे तसा. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून ताब्याची मूळ तारीख आणि वाढवलेली तारीख, दोन्ही बघ. आमच्या वेळी अशी साइट नव्हती. १९९६ साली, बँकेत असूनही, मी एका बिल्डरच्या ‘अठरा महिन्यां’वर विश्वास ठेवला. ताबा मिळाला साडेतीन वर्षांनी. भाडं आणि हप्ता दोन्ही भरत होतो, आणि कॅशियरपासून मॅनेजरपर्यंत सगळे रोज विचारायचे, काय साहेब, वास्तुशांत कधी? तुझ्या काकूने त्या दोन दिवाळ्यांत स्वतःला एक साडी घेतली नाही. ते ती अजून सुनावते.

मला विचारशील तर दहाबारा वर्षं जुन्या सोसायटीतला रिसेल बघ, लहान असला तरी. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला परवानगीचा पालिकेचा कागद, असेल, जीएसटी नाही, आणि पाणी कसं येतं ते सांगायला वॉचमन असतो. आधीच्या सगळ्या करारांच्या प्रती आणि जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर झालीय का, हे मी बघून देईन. आणखी दोन वर्षं भाड्याने राहिलास तरी आभाळ कोसळत नाही. भाव तोवर वाढेल, कबूल. तुझा पगार आणि शिल्लकही वाढेल.

तरीही म्हाळुंगेच घ्यायचं असेल तर शनिवारी टोकन देऊ नकोस. रविवारी सकाळी साडेसहाला त्या साइटशेजारच्या, माणसं राहायला आलेल्या इमारतीच्या गेटवर भेट. तासाभरात किती टँकर आत जातात ते मोजू, मग चहा घेऊन सँपल फ्लॅट. टेप मी आणतो.

तुझा काका