लिव्ह अँड लायसन्सचा फ्लॅट मुदतीआधी सोडताना अनामत रक्कम पूर्ण परत मिळावी यासाठी काय करावे?

प्रथम करारातील लॉक-इनचे, म्हणजे ठरावीक काळ घर सोडता येत नसल्याचे, कलम पाहावे. तो काळ उलटला असेल, तर करारात ठरलेल्या मुदतीची नोटीस लेखी द्यावी, नुसते फोनवर सांगून भागवू नये. खरी कुरबुर होते ती रंगकामाच्या कपातीवरून (वापराने भिंत मळणे म्हणजे नुकसान नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे), म्हणून नळ, गीझर, भिंतींवरील ओल यांचे फोटो मालकांसमक्ष काढून, मीटरचे रीडिंग टिपून आणि वीजबिल चुकते करूनच किल्ल्या द्याव्यात व ताब्याची सहीनिशी पोच घ्यावी. मात्र अनामत अडली म्हणून मुदत संपल्यावरही घर अडवून बसू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार त्या काळाचे दुप्पट शुल्क (म्हणजे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट) अंगावर येऊ शकते.