अंगावर येणारं काम: नव्यानं हिशेबाला बसलेल्या पोरासाठी

"गठ्ठा बघितला की हात उचलत नाही" म्हणालास. अरे, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी २२ वर्षं जमाखर्च लिहितोय. पहिली दोन वर्षं मीही पट्ट्या, म्हणजे मालाच्या विक्रीच्या पावत्या, बघून आधी चहालाच पळायचो.

सध्या तीनच गोष्टी धर.

१. काम बारीक कर. "हिशेब पूर्ण करायचा" ही धमकी झाली. "कालच्या दहा पट्ट्या चढवायच्या" हे काम.

२. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. फ्रान्सेस्को सिरिलो या इटालियन विद्यार्थ्यानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं किचन टायमर लावून ही पद्धत बसवली, म्हणून तिचं नाव पोमोडोरो, म्हणजे टोमॅटो. २५ जड वाटली तर १० लाव. मोबाईल मात्र ड्रॉवरमध्ये.

३. तारीख अलीकडे ओढ. दरमहा जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र, भरणाऱ्यांना २० तारीख असते, माझ्या वहीत १७ लिहिलेली असते. एकदा २० च्या रात्री लाईट गेली. दंड दिवसाला ५० रुपये, वर मालकाचं बोलणं. ५० परवडले.

नवखे हमखास फसतात ते "सोमवारपासून करू" म्हणण्यात. नवी वही, रंगीत पेनं, आणि वेळापत्रक आखण्यातच सकाळ जाते. एखादा दिवस बुडला तर सगळंच सोडू नकोस, आणि बुडलेलं एका दमात भरून काढायलाही बसू नकोस. दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच दहा पट्ट्या.

ॲप आणि तक्त्यांचं महिन्याभरानं बघू. उद्या गाळा उघडलास की चहाआधी पहिली पट्टी चढव.