मेक्सिकोतल्या छोट्या शेतकरी गावात जमीन कुणाच्या नावावर असते, आणि लोक नेमकं काय पिकवतात?

मेक्सिकोच्या कोरड्या उत्तरेतलं गाव आणि दक्षिणेतलं गाव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून एकच गाव घेऊन सांगतो: मोरेलोस राज्यातलं आनेनेकुइल्को. कुआउत्ला शहराच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर, सुमारे १,२०० मीटर उंचीवर वसलेलं. क्रांतिकारक एमिलियानो सापाताचं हे जन्मगाव. जमिनीचा प्रश्न आधी घेतो, कारण पिकांचं सगळं गणित त्यावरच बसलंय.

स्पॅनिश येण्यापूर्वीही हे गाव होतं. ॲझ्टेकांना खंडणी देणाऱ्या गावांच्या यादीत त्याचं नाव सापडतं. पुढे भोवताली उसाच्या हासिएंदा, म्हणजे जमीनदारांच्या प्रचंड जहागिरी, उभ्या राहिल्या. १८८१ मध्ये कुआउत्लापर्यंत रेल्वे आली, मोठी यंत्रं आली आणि कारखान्यांना ऊस कमी पडू लागला. मग आधी गावाची कुरणं गेली, नंतर मक्याची रानं आणि पाणी. गावाकडे वसाहतकाळातले हक्काचे कागद होते, पण कोर्टात दाद लागेना. १२ सप्टेंबर १९०९ ला गावाने तिशीतल्या सापाताला जमीन-समितीचा प्रमुख निवडलं. पुढच्या वर्षी ऐन पेरणीच्या तोंडावर ओस्पिताल हासिएंदाने गावाची रानं दुसऱ्यांना कसायला दिली, तेव्हा तो सुमारे ८० हत्यारबंद माणसं घेऊन गेला आणि रानं परत ताब्यात घेतली. नोव्हेंबर १९११ च्या ‘आयाला योजने’त, म्हणजे त्याच्या बंडाच्या जाहीरनाम्यात, त्याची मागणी स्पष्ट होती: बळकावलेल्या जमिनी गावांना परत, आणि मोठ्या जहागिरींचा एक तृतीयांश हिस्सा मोबदला देऊन भूमिहीनांना. १० एप्रिल १९१९ ला चिनामेका इथे त्याला दगाफटका करून मारलं. गावाचे कागद त्याने आधीच फ्रान्सिस्को फ्रान्को यांच्या हवाली केले होते, आणि त्यांनी ते जिवापाड सांभाळले.

१९१७ च्या राज्यघटनेतल्या कलम २७ मधून ‘एहिदो’ची पद्धत रुजली. जमीन गावाच्या नावे. कुटुंबाला ठरलेला तुकडा कसायचा हक्क. विकायला आणि गहाण टाकायला बंदी. निर्णय एहिदोच्या सभेत. शेतकऱ्यामागे हक्क एकाच वारसाला जातो, त्यामुळे आपल्याकडच्यासारखे सातबाऱ्यावर दहा नावं आणि वीस गुंठ्यांचे तुकडे तिथे कागदावर तरी पडत नाहीत. पण बाकीची भावंडं जमिनीविना राहतात, आणि शहराची किंवा अमेरिकेची वाट धरतात. १९९२ मध्ये कायदा बदलला. आता तुकडा भाड्याने देता येतो, एहिदोतल्याच माणसाला विकता येतो, आणि सभेने मान्यता दिली तर पूर्ण खासगीही करता येतो. माझ्या मते या भागातल्या शेतीला इतका मोठा हादरा दुसऱ्या कुठल्याच कायद्याने दिलेला नाही.

आता शेती. जिरायत रानात पारंपरिक पद्धत ‘मिल्पा’ची: मका, वेलाचा घेवडा आणि भोपळा एकाच शेतात. जूनमध्ये जमीन नीट ओलावली की साधारण ८० सेंटिमीटरच्या सऱ्यांत, एका ठिकाणी २-३ दाणे टोकतात. घेवडा मक्याबरोबर लावायची घाई केली तर वेल कोवळ्या ताटांना ओढून आडवं पाडतो. म्हणून मका गुडघाभर झाला की मग घेवडा. भोपळा विरळच हवा, दाट झाला तर आंतरमशागतीला पाय ठेवायला जागा उरत नाही. दोनदा कोळपून ताटांना मातीची भर देतात. तणातली घोळ आणि माठ खुडून भाजीला जातात.

मिल्पा मोडते ती बहुतेकदा तणनाशकाने. मक्यात वापरलं जाणारं, रुंद पानाच्या तणांवरचं औषध घेवडा, भोपळा, घोळ सगळंच मारतं, आणि मग शेतात नुसता मका किंवा ज्वारी उरते. मजूर मिळत नाही म्हणून औषध, औषध म्हणून एकच पीक, असं ते चक्र आहे.

दुसरा घात ‘कानिकुला’चा, म्हणजे जुलै-ऑगस्टमधल्या उघडिपीचा. ती नेमकी तुरा आणि स्त्रीकेसर येण्याच्या वेळी लांबली तर कणसं बोळकी राहतात. तिसरा शत्रू पोंग्यात, म्हणजे मक्याच्या कोवळ्या पानांच्या गाभ्यात, शिरणारी लष्करी अळी. २०१८ मध्ये भारतात आली आणि आपल्या मक्यावर तुटून पडली तीच ही. मूळची अमेरिका खंडातली. तिकडचे जुने शेतकरी पोंग्यात चिमूटभर कोरडी माती किंवा राख टाकतात. अळी लहान असेपर्यंतच हा उपाय चालतो.

२८ सप्टेंबरला शेताच्या चारी कोपऱ्यांवर पेरिकोनच्या पिवळ्या फुलांचे क्रॉस बांधतात, वादळवाऱ्यापासून आणि सैतानापासून पीक राखायला. पेरिकोन हा झेंडूच्याच कुळातला, आणि आपल्या दसऱ्याचा झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच. दाणा पक्का झाला की ताटं कणसाच्या खालून मोडून उलटी लोंबकळत ठेवतात, म्हणजे उशिराचं पाणी कणसात शिरत नाही. काढणी नोव्हेंबर-डिसेंबरात.

बागायतीत ऊस. लागण, मग तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारा खोडवा, निडवा, सगळं आपल्यासारखंच. तोडणीआधी फड पेटवतात. जळालेला ऊस एक-दोन दिवसांत गाळला नाही तर साखर उतरते, त्यामुळे कारखाना बंद पडला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. तोडणी मजुरांच्या टोळ्या बऱ्याचदा शेजारच्या गेरेरो आणि पुएब्ला राज्यांतून येतात. दराला कायदेशीर सूत्र आहे: उसातून मिळू शकणाऱ्या साखरेच्या संदर्भ किमतीच्या ५७ टक्के. उसाखेरीज कांदा, काकडी, फरसबी असते, आणि या राज्यातली भेंडी अमेरिकेच्या बाजारात जाते.

ही बागायत कुआउत्ला नदीच्या पाण्यावर उभी आहे. म्हणून जवळच्या उएस्का इथल्या वीजप्रकल्पासाठी कुआउत्लाच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून जलवाहिनी टाकायला घेतली, तेव्हा आयाला तालुक्यातले एहिदोचे शेतकरी तिच्या वाटेवर सान पेद्रो आपात्लाको इथे काही वर्षं ठिय्या देऊन बसले. केंद्रातून नदीत सुटणारं ते पाणी खालच्या रानांना लागतं, हा त्यांचा मुद्दा. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये मेक्सिकोच्या ‘नॅशनल गार्ड’ या केंद्रीय दलाने तो ठिय्या उठवला.