स्विफ्टला बाहेरची अलॉय व्हील आणि हवेच्या दाबाचे सेन्सर बसवताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: 2019 सालच्या स्विफ्ट व्हीएक्सआयच्या 14 इंची लोखंडी रिंगा काढून बाजारातील 16 इंची अलॉय बसवायची आहेत, सोबत टायरमधील हवेचा दाब दाखवणारे सेन्सरही घ्यायचे आहेत, दुकानदार म्हणतो की सगळे काही बसते, आणि गाडी रोज डिचोलीहून पणजीला व महिन्यातून एकदोनदा चोर्ला घाटातून बेळगावला जाते. माझे मत आधीच सांगून टाकतो. 16 ऐवजी 15 इंची अलॉय घ्यावीत, सेन्सर व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे न घेता रिंगेच्या आत बसणारे घ्यावेत, आणि दोन्ही कामे एकाच दिवशी, टायर रिंगेवरून उतरलेले असतानाच करून घ्यावीत. मी या व्यवसायातला नाही. फोंड्याजवळ राहतो, माझीही स्विफ्टच आहे, आणि खाली ज्या चुका टाळायला सांगणार आहे त्यांतील बहुतेक मी पदरचे पैसे मोजून केलेल्या आहेत.

दुकानात आपल्याला ‘पात्रांव, बसता’ (मालक, बसते) असे सांगतात, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की चार नटांची भोके जुळतात. स्विफ्टचे चार बोल्ट 100 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत, आणि हेच माप आय20, टियागो, जॅझ अशा कितीतरी छोट्या गाड्यांना असल्यामुळे 4×100 ची कोणतीही रिंग आपल्या गाडीवर चढते. परंतु रिंगेच्या मध्यभागी जे मोठे भोक असते, ते हबच्या, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसते त्याच्या, उंचवट्यावर घट्ट बसणे अपेक्षित असते. स्विफ्टच्या हबचे हे माप 54.1 मिलिमीटर आहे. बाजारातील अलॉय अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचे मधले भोक मुद्दाम मोठे, पुष्कळदा 73.1 मिलिमीटरचे ठेवलेले असते. म्हणजे सगळीकडून साडेनऊ मिलिमीटरची फट राहते, आणि चाक मध्यावर आणण्याचे काम एकट्या नटांवर पडते. शंकूच्या आकाराचे नट हे काम करू शकतात, हे खरे आहे. मात्र त्यासाठी चाक हवेत असताना ते हाताने, समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडेथोडे आवळले पाहिजेत. आपल्याकडे मात्र पहिलाच नट हवेच्या बंदुकीने पूर्ण आवळला जातो, आणि चाक केसभर एका बाजूला सरकून तिथेच पक्के होते.

माझ्या गाडीत नेमके हेच झाले होते. साठच्या वेगापर्यंत काहीही जाणवत नसे. महामार्गावर ऐंशीच्या पुढे गेले की स्टिअरिंग थरथरू लागे. मी दोनदा बॅलन्सिंग करून घेतले, एकदा अलाइनमेंट केले, आणि टायरच खराब निघाला अशी समजूतही करून घेतली. शेवटी एका वयस्कर मेस्त्रीने चाक अर्धवट बाहेर काढले आणि काहीही न बोलता माझे बोट धरून त्या फटीत घातले. उपाय अगदी साधा होता: बाहेरून 73.1 आणि आतून 54.1 मिलिमीटरची हब रिंग, प्रत्येक चाकाला एक. ही रिंग ॲल्युमिनियमची मिळते तशी कडक प्लास्टिकचीही मिळते, आणि समुद्रकाठच्या हवेत मी प्लास्टिकचीच घेण्याचा सल्ला देईन, कारण लोखंडी हबवर ॲल्युमिनियम गंजून चिकटले की दोन पावसाळ्यांनी चाक काढताना हातोडा मागवावा लागतो. आपण अलॉय पसंत कराल तेव्हा दुकानदाराला रंगाच्या आधी मधल्या भोकाचे माप विचारावे. त्याला ते ठाऊक नसेल, तर तिथे व्हर्नियरने मोजून घ्यावे.

नटांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्विफ्टच्या बोल्टचे आटे 12×1.25 मापाचे (बोल्टची जाडी 12 मिलिमीटर, दोन आट्यांमधील अंतर 1.25) आहेत, तर होंडा आणि ह्युंदाईच्या गाड्यांचे 12×1.5. चुकीचा नट पहिले एकदोन फेरे चढतो, मग अडतो, आणि बंदूक लावली की बोल्टचे आटे सोलून काढतो. नवीन अलॉयबरोबर वेगळे नट आले, तर मूळचे चार नट स्टेपनीपाशी पिशवीत बांधून ठेवावेत, कारण लोखंडी रिंगेवर नवे नट नीट टेकतीलच असे नाही. नव्या नटांना वेगळी चावी लागत असेल, तर ती चावीही गाडीतच असावी.

आता 16 इंचांचा हट्ट मी का सोडायला सांगतो आहे, ते पाहू. आपल्या गाडीचे मूळ माप 165/80 आर14, म्हणजे टायर 165 मिलिमीटर रुंद, त्याच्या भिंतीची उंची रुंदीच्या 80 टक्के, आणि रिंग 14 इंची. कंपनी याच स्विफ्टच्या झेडएक्सआय प्रकाराला 185/65 आर15 देत असे, आणि 16 इंचांत लोक बहुधा 195/55 आर16 घेतात. चाकाचा एकूण व्यास मांडून पाहिला, तर तो अनुक्रमे 619.6, 621.5 आणि 620.9 मिलिमीटर येतो, म्हणजे स्पीडोमीटरच्या दृष्टीने तिन्ही जवळजवळ सारखेच. फरक पडतो तो रबराच्या भिंतीत. मूळ टायरला रिंग आणि रस्ता यांच्यामध्ये 132 मिलिमीटरची भिंत मिळते, 15 इंचीला 120, आणि 16 इंचीला 107. हे 25 मिलिमीटर कागदावर क्षुल्लक वाटतात. पण जुलै महिन्यात घाटातल्या वळणावर पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे दिसत नाही, तेव्हा टायरची भिंत चेपून रिंगेची कड थेट खड्ड्याच्या काठावर आदळते ती याच 25 मिलिमीटरांच्या अभावी. लोखंडी रिंग वाकली, तर ठोकून सरळ करता येते. अलॉयला चीर गेली, तर ते चाक बाद समजावे. वेल्डिंग करून देणारे भेटतात, पण त्यावर कुटुंबाला बसवून चोर्ला उतरण्याची माझी तयारी नाही. 15 इंचीचा आणखी एक फायदा फारसा कोणी सांगत नाही: आपली 14 इंची स्टेपनी त्यांच्या तुलनेत व्यासाने जेमतेम दोन मिलिमीटरने लहान असल्यामुळे अडीअडचणीला ती विनातक्रार चालते.

रिंगेची रुंदी आणि ऑफसेट ही दोन मापे एकत्र पाहावी लागतात. ऑफसेट म्हणजे रिंगेच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती दूर आहे ते अंतर; रिंगेच्या मागे ‘ईटी’ या अक्षरांपुढे ते मिलिमीटरमध्ये कोरलेले असते. समजा, जुनी रिंग 5 इंच रुंद आणि ईटी 45 आहे, आणि नवीन साडेसहा इंच रुंद आणि ईटी 38 आहे. दीड इंच वाढीव रुंदीची अर्धी, म्हणजे 19 मिलिमीटर, आणि ऑफसेटमधील फरक 7 मिलिमीटर, असे मिळून चाक 26 मिलिमीटर बाहेर येते. दिसायला ते रुबाबदार दिसते, यात शंका नाही. पण मागे तीन माणसे आणि डिकीत बाजार भरला की टायर मडगार्डला घासतो, हबच्या बेअरिंगवर तिरका भार येतो, आणि पावसात तांबड्या चिखलाचा फवारा दरवाजांवर बसतो. 185/65 टायरला 5 ते साडेसहा इंच रुंदीची रिंग चालते. आपण साडेपाच इंच घ्यावी आणि ऑफसेट मूळच्या जितका जवळ मिळेल तितका घ्यावा. टायरचा भारांकही तपासावा. आपल्या मूळ टायरचा तो 85 असेल, म्हणजे एका टायरला 515 किलो. त्याहून कमी अंक, टायर कितीही स्वस्त असला तरी, घेऊ नये.

सेन्सरांकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर करतो, कारण मला एका दुकानात ‘टीपीएमएस बसवले की स्टेपनी काढून टाका, कायदाच झालाय’ असे ऐकवण्यात आले होते. टीपीएमएस म्हणजे टायरमधील हवेचा दाब दाखवणारी ही सेन्सरांची प्रणाली. अमेरिकेत 2007 पासून आणि युरोपात 2014 पासून नव्या मोटारींना ही प्रणाली सक्तीची झाली. आपल्याकडे तिच्यासाठी एआयएस-154 हे मानक आहे, आणि 2020 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ट्यूबलेस टायर, दाबदर्शक प्रणाली आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनीतून सूट देण्यात आली. ती सूट तशी सज्ज होऊन कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांच्या संदर्भात आहे. बाजारातून आणलेल्या संचाच्या भरवशावर आपण स्टेपनी घरी ठेवू नये.

टोपीच्या जागी बसणारे सेन्सर स्वस्त असतात आणि पाच मिनिटांत स्वतः बसवता येतात, म्हणून मीही प्रथम तेच घेतले. त्यांची अडचण वजनाची आहे. दहा ग्रॅमचा सेन्सर म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण ताशी शंभरच्या वेगाने चाक फिरते, तेव्हा त्या जागी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दीडशेपट ओढ निर्माण होते, म्हणजे रबरी व्हॉल्व्हच्या टोकाला दीड किलोचे वजन बाहेरच्या दिशेने टांगल्यासारखे होते. काही महिन्यांनी माझ्या एका व्हॉल्व्हच्या बुडाशी बारीक चीर पडली आणि सकाळी अंगणात टायर जमिनीला टेकलेला दिसला. ज्या उपकरणाने हवा जाते हे सांगायचे, त्यानेच हवा घालवली, याचे मला आता हसू येते. त्या दिवशी आले नव्हते. शिवाय हवा भरताना प्रत्येक वेळी ते काढावे लागतात आणि उघड्यावर असल्यामुळे चोरीलाही जातात.

आतील सेन्सर व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला जोडलेला असतो आणि रिंगेच्या खोलगट भागात बसतो. तो बसवताना तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे. काही अलॉयमध्ये व्हॉल्व्हच्या भोकाजवळचा उतार इतका उभा असतो की सेन्सर रिंगेला टेकत नाही किंवा टायरच्या कडेच्या वाटेत येतो. म्हणून टायर चढवण्याआधी एकदा मोकळ्या रिंगेवर लावून पाहावे. दुसरे, टायर उतरवण्याच्या यंत्राचा फाळ सेन्सरवर येऊ नये यासाठी व्हॉल्व्हच्या बाजूला खडूने खूण करून कारागिराला आधीच सांगावे, आणि पुढे पंक्चर काढणाऱ्यालाही दरवेळी सांगावे, कारण बाहेरून व्हॉल्व्ह साधाच दिसतो. तिसरे, सेन्सरचे वीसतीस ग्रॅम वजन वाढल्यामुळे बॅलन्सिंग सेन्सर बसल्यानंतरच करावे. पंक्चर बंद करणारा द्रव टायरमध्ये घालू नये. तो सेन्सरचे बारीक भोक बुजवतो. आतील बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे टिकते आणि पुष्कळशा सेन्सरांत ती बदलता येत नाही, हा खर्च गृहीत धरावा.

किनाऱ्याजवळ धातूच्या व्हॉल्व्हची वेगळी काळजी घ्यावी लागते. ॲल्युमिनियमच्या नळीवर पितळेची शोभिवंत टोपी लावली, तर खाऱ्या दमट हवेत दोन धातू एकमेकांना खातात, टोपी निघता निघत नाही आणि जोर केला की नळीच तुटते. प्लास्टिकची काळी टोपी दिसायला गरीब असली, तरी तीच लावावी. याच कारणाने, अलॉयचा पुढचा भाग चकचकीत कापलेला न घेता पूर्ण रंगवलेला घ्यावा. कापलेल्या पृष्ठभागावरच्या पारदर्शक लेपाला एखादा खडा लागला की तिथून मीठ आत शिरते आणि पांढऱ्या रेषा पसरू लागतात. फेरीने रोज खाडी ओलांडणाऱ्या माझ्या एका स्नेह्याच्या रिंगांवर त्या पहिल्याच वर्षी उमटल्या.

सेन्सर बसल्यावर मूलभूत दाब कोणता ठेवावा, हे मालकाच्या पुस्तिकेत 185/65 आर15 या मापासमोर पाहावे. तो दाब थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असतानाचा. बेळगावच्या वाटेवर पडद्यावर 30 पीएसआयचे (हवेच्या दाबाचे एकक) 34 झालेले दिसतील. ते तापल्यामुळे होते, आणि घाबरून हवा सोडू नये. खालची धोक्याची मर्यादा संचात कारखान्यातून जी आली असेल ती तशीच न ठेवता, आपल्या थंड दाबाच्या सुमारे वीस टक्के खाली, 30 असेल तर 24 वर, लावावी. चाकांची अदलाबदल केल्यावर सेन्सरांच्या जागा पडद्यावर पुन्हा जुळवाव्यात, नाहीतर मागचे डावे चाक बसते आहे आणि आपण पुढचे उजवे तपासत आहोत, असे होते. माझ्या आतल्या सेन्सरांनी एकदा पावसात, केरी सोडून घाट चढायला लागल्यावर, एक टायर वीस मिनिटांत 31 वरून 27 वर आल्याचे दाखवले. स्टिअरिंगला तोवर काहीच कळले नव्हते, आणि मला चढावर न थांबता पुढची सपाट जागा गाठून चाक बदलता आले.

खरेदी करताना रिंगेवर आयएस 9436 या भारतीय मानकाचा उल्लेख किंवा जपानी जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे ठसे शोधावेत, आणि नवीन चाकांची पावती जोडून विमा कंपनीला लेखी कळवावे. दाव्याच्या वेळी या न कळवलेल्या बदलावरून वाद होतो. बसवण्याच्या दिवशी हबचा गंज ब्रशने काढून, जिथे रिंग टेकते तिथे ग्रीसचा पातळ हात द्यावा, बोल्टच्या आट्यांना मात्र लावू नये. शेवटचे आवळणे पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने, चाके जमिनीवर टेकवून करावे, आणि डिचोली–पणजीच्या दोनतीन फेऱ्या झाल्यावर तोच पाना पुन्हा एकदा सोळाही नटांवर फिरवावा. जुन्या रिंगा दुकानदाराला बदल्यात देऊ नका. त्यांचे तो जी किंमत करील, त्यापेक्षा पावसाळ्यात त्या घरी असलेल्या बऱ्या.