'सावली', 'छाया' की 'अंधार'?

प्रश्न असा: सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या, बायबलमधल्या प्रसंगांवरच्या एचिंगबद्दल (तांब्याच्या प्लेटवर आम्लानं रेघा कोरून कागदावर काढलेल्या छापांबद्दल) मराठीत लिहायचं, तर त्यातल्या गडद भागाला 'सावली' म्हणायचं, 'छाया' की सरळ 'अंधार'?

तिन्ही लागतात, पण सरसकट 'सावली' नको. सावलीला धनी लागतो. ती कुणाची तरी असते आणि कशावर तरी पडते. 1648च्या सुमाराचं, 'शंभर गिल्डर' (गिल्डर म्हणजे जुनं डच नाणं) म्हणून ओळखलं जाणारं चित्र मोठं करून बघा. मधोमध येशू, भोवती आजारी, पांगळी माणसं. हात जोडलेल्या एका बाईची सावली थेट त्याच्या झग्यावर पडली आहे. इथे 'सावली'च हवी, फार तर 'पडछाया'. त्याच चित्रात उजवीकडे रेघांवर आडव्यातिडव्या रेघा मारून गडदपणा चढवत नेलाय, डावीकडची माणसं मात्र नुसत्या बाह्यरेषांत सोडून दिलीत. ही चढउतार म्हणजे 'छाया'. 'छायाप्रकाश' रूढ झाला तो त्यामुळेच. 'सावलीप्रकाश' कुणी म्हणत नाही.

'तीन क्रूस' (1653) हे वेगळंच प्रकरण आहे. ते आम्लानं नव्हे, तांब्याच्या प्लेटवर सुईनं थेट ओरखडून केलेलं. सुरुवातीच्या छापांत वरून उजेडाचा लोट येतो. पुढे रेम्ब्रांटनं तीच प्लेट पुन्हा हाती घेतली आणि जाडजूड रेघांखाली अर्धीअधिक गर्दी गाडून टाकली. शुभवर्तमानांत भर दुपारी अंधार पडल्याचं सांगितलंय, तोच हा. त्याला धनी नाही, म्हणून 'अंधार'.

येशूला कबरीत ठेवतानाचं चित्र (1654च्या सुमाराचं) तर याच्याही पुढे जातं. त्याच्या काही छापांत प्लेटवरची शाई मुद्दाम पूर्ण पुसलेलीच नाही. त्या पातळ थरानं कागद काळवंडलाय. रेघच नाही तिथे 'छाया' कसली? मी बिनदिक्कत 'काळोख' लिहीन.

शिवाय 'सावली' मराठीत उन्हातून आलेल्याला सुखावणारी. झाडाची असो की मायेची, तिच्यात विसावा आहे. वधस्तंभाच्या चित्राला ती चिकटवली की सूर बिघडतो. मराठी बायबलच्या तेविसाव्या स्तोत्रातही दरी 'मृत्युच्छायेची' आहे, मृत्यूच्या सावलीची नाही.

नुसत्या तंत्राबद्दल बोलायचं असेल तर 'शेडिंग' म्हणा की! कलाशाळेत सगळे तेच म्हणतात.