गॅप कुठला, विहिरीवर तर होतास!

प्रश्न : काका, मेकॅनिकलचा डिप्लोमा ७१ टक्क्यांनी झाला. शेवटच्या वर्षाआधी वडिलांचं ऑपरेशन निघालं म्हणून एक वर्ष घरीच गेलं. शेत, विहिरीवरची मोटर, सगळं मीच बघत होतो. चाकणला दोन मुलाखती दिल्या. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं पाठांतर मधेच विसरलो. गॅपचं विचारलं तेव्हा ‘पर्सनल रीझन’ म्हणालो. दोन्हीकडे ‘कळवतो’ म्हणाले, फोन नाही. इंग्रजीचा क्लास लावू का?
– एक वाचक, उदगीर

उत्तर : क्लास लाव, पण पुढच्या महिन्यातल्या मुलाखतीला त्याचा उपयोग नाही. मी भोसरीतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं क्वालिटीला होतो आणि डिप्लोमाची पोरं घ्यायची असली की टेबलाच्या पलीकडे बसायचो. पाठ केलेलं ‘मायसेल्फ’ सुरू झालं की आम्ही चहा सांगायचो. खरंच.

टेबलावर मी एक व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, आणि एक पिन ठेवायचो. ‘डाया सांग,’ म्हणजे व्यास. बहुतेक मुलं पिन धरून झटकन आकडा सांगायची. एकाने आधी व्हर्नियरचे जॉ, म्हणजे जबडे, रुमालाने पुसले, रिकामेच बंद केले, शून्यावर शून्य येतंय का ते उजेडाकडे धरून पाहिलं आणि मग पिन उचलली. इंग्रजी त्याचं दिव्यच होतं. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, विचारला तर म्हणाला, ‘०.०२, सर. वरच्या पट्टीचे ४९ मिलिमीटर, त्यात खालच्या पट्टीचे ५० भाग.’ आणि बोटाने दाखवलं. त्याला घेतला. (त्या व्हर्नियरला दोन रेघांचा झिरो एरर होता, म्हणजे रिकामा बंद केला तरी शून्य दाखवायचा नाही, मी मुद्दाम तोच ठेवायचो. आता सांगायला हरकत नाही.)

आता तुझा गॅप. ‘पर्सनल रीझन’ म्हटलं की समोरचा भलतंच काहीतरी धरून बसतो : केटी लागली असेल, म्हणजे विषय राहिला असेल, नाहीतर कुठे मारामारी. सरळ सांग, वडिलांचं ऑपरेशन होतं, वर्षभर शेत बघितलं. आणि तिथे थांबू नकोस, मोटरवर ये. सुरू करायच्या आधी पाणी भरत असशील. का भरतोस? आत हवा असली की पंपातला फिरता पंखा, म्हणजे इम्पेलर, नुसता गरगरतो, पाणी ओढण्याइतका दाब उतरतच नाही. रोज सकाळी भरावंच लागत असेल तर पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह गळतोय. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की मोटर खाली उतरवावी लागते, कारण बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला फार तर १०.३ मीटर वर चढवणार, तेही कागदावर. प्रत्यक्षात सहा-सात मीटरलाच दम निघतो. प्रायमिंग (आधी पाणी भरणं) आणि सक्शन हेड (पाणी ओढायची उंची) म्हणून हेच तू पुस्तकात वाचलंस, पेपरात लिहिलंस, आणि मुलाखतीत ‘पर्सनल रीझन’ म्हणून झाकून ठेवलंस!

इंग्रजीचं म्हणशील तर नाव, गाव, प्रोजेक्ट आणि घरच्या वर्षाचं एक, अशी चार वाक्यं तुझ्या स्वतःच्या शब्दांत तयार ठेव. पुढे अडलास तर ‘सर, हिंदीत सांगितलं तर चालेल का?’ असं विचार. लाइनवर ऑपरेटरशी कोणी इंग्रजी झाडत नाही. ड्रॉइंग मात्र वाचता आलं पाहिजे. भोकावर ‘एच ७’ लिहिलेलं दिसलं की ते काय, म्हणजे भोकाच्या मापात किती फरक चालेल, हे झोपेत सांगता यायला हवं.

चाकणच्या चौकात गाडी अडकतेच, वर गेटवर पासाची रांग, तेव्हा तासभर हातात ठेवून निघ. शेवटी ‘काही विचारायचंय?’ म्हणाले तर मान हलवून उठू नकोस. घेणार ते कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टरच्या, एवढं तरी विचार. पगाराचा आकडा त्यानंतर.

एक राहिलं. मोटर मोनोब्लॉक (पाण्याबाहेर बसवलेली) आहे की सबमर्सिबल (पाण्यात बुडवलेली), ते तू लिहिलं नाहीस. सबमर्सिबल असेल तर मी वर लावलेला पाढा तुझ्या कामाचा नाही. पत्र टाक, दुसरा देतो.