पोटखराबा: जोडून लिहावा आणि त्याला ‘उप’ लावू नये

माण तालुक्यातील एका वाचकांनी विचारले आहे की, सातबाऱ्यावरील ‘पोट खराब’ (गटातील नांगराखाली न येणाऱ्या जमिनीची नोंद) हा छपाईचा दोष आहे काय, आणि अशा शब्दांचा ‘उपयोजित भाषाविज्ञान’ या विषयाशी काही संबंध पोहोचतो काय. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. भाषेचे ज्ञान व्यवहारातल्या अडचणींना लावणारे हे शास्त्र प्रथम परकी भाषा शिकवण्याच्या गरजेतून वाढले (मिशिगन विद्यापीठातून 1948 साली निघालेल्या नियतकालिकाने ते नाव आपल्या उपशीर्षकातच घेतले होते), परंतु न्यायालय, दवाखाना आणि कचेरी येथे भाषेमुळे होणारी अडवणूक हाही आता त्याचाच विषय आहे.

‘आमच्या गटात पंधरा गुंठे पोट खराब आहे’ असे दहिवडीपासून जतपर्यंत ऐकू येते, आणि जणू जमिनीलाच अजीर्ण झाले आहे असे वाटते. छापील नमुन्यातही ‘पोटखराब क्षेत्र’ असे असते, तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, हा केवळ छपाईचा दोष नव्हे. मूळ शब्द ‘खराबा’ हे नाम आहे. ‘खराब’ हे विशेषण. अरबीत ख-र-ब या धातूचा अर्थ उद्ध्वस्त होणे असा आहे. त्यावरून फारसीत ‘खराबा’ म्हणजे ओसाड, पडझड झालेली जागा, आणि ‘खराबात’ म्हणजे फारसी कवींचा लाडका मद्यालय-परिसर. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाला यहुदी ज्या हिब्रू शब्दाने ओळखतात, तो ‘हुर्बान’ याच धातुकुळातला. माणच्या मुरमाड टेकाडाचे नाते इतक्या लांबवर जाते, याचा मला प्रत्येक वेळी नवा आनंद होतो.

‘पोट’ मात्र घरचे आहे. प्राकृतातील ‘पोट्ट’ गाथासप्तशतीतही भेटतो. या पोटाविषयी माझे एक मत आहे आणि ते मी सोडणार नाही. पोट म्हणजे ‘उप’ नव्हे. ‘उप’ शेजारी किंवा हाताखाली उभा राहतो, तर ‘पोट’ आत असते. उपनगर शहराच्या कडेला वसते, उपनदी बाहेरून येऊन मिळते. पोटमाळा खोलीच्या आत असतो, पोटजात जातीच्या आत, आणि पोटभाडेकरू दुसऱ्याच्या भाडेकराराच्या आत. म्हणून गटाच्या चतुःसीमेच्या आत असलेला, परंतु नांगराखाली न येणारा खडक किंवा ओढा हा पोटखराबाच होय. त्याला ‘उप-अकृष्य क्षेत्र’ म्हणावे असे सुचवणाऱ्या शुद्धिवाद्यांना सांगलीच्या काळ्या रानातला ओढासुद्धा गटाबाहेर काढून ठेवायचा आहे, असे दिसते.

शुद्धीचा हा आग्रह जुना आहे. शिवकाळातच कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, तरी त्यानंतरच्या साताऱ्याच्या आणि पेशव्यांच्या दफ्तरांत सनद, जमा आणि तनखा नांदतच राहिले. 1925 साली फार्शी-मराठी कोश देणारे माधवराव पटवर्धन (कवी माधव ज्यूलियन) पुढे भाषाशुद्धीचे कैवारी झाले. त्यांच्या कोशापुढे मी मान तुकवतो, कैवारापुढे नाही. शब्द फारसी आहे की संस्कृत, याची चिंता खातेदाराला नसते. कागदावरचा आकडा आपल्याला काय देतो आणि काय नाकारतो, एवढे त्याला कळावे लागते.

येथेच खरा घोळ होतो. सोपे करण्याच्या भरात ‘पोटखराबा’च्या जागी ‘पडीक’ लिहिणारे सुशिक्षित लोक मी पाहतो. पड म्हणजे लागवडीस योग्य असून पेरा न केलेली जमीन. चालू पड आणि कायम पड असे तिचे प्रकारही आहेत. पोटखराब्याचे वर्ग वेगळे आहेत: लागवडीस अयोग्य जमीन ‘अ’मध्ये, तर रस्ता, तलाव किंवा ओढा अशा सार्वजनिक वापरामुळे आकारणीतून वगळलेली जमीन ‘ब’मध्ये जाते. खडक फोडून वर्ग ‘अ’ची जमीन लागवडीखाली आणल्यास तिची नोंद लागवडयोग्य क्षेत्रात करून घेता येते, वर्ग ‘ब’ला ही सोय नाही. दोन्हींना ‘पडीक’ म्हणणाऱ्याने हा भेद पुसला, आणि पीककर्जासाठी क्षेत्र मोजताना त्याची किंमत खातेदार भरतो.